गणिताची चिन्हं छापखान्याच्या ओळीत बसवणारा माणूस : लायब्निझ

समजा, तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीचं एखादं गणिताचं पुस्तक वाचायचंय. कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे ई-बुक फुकट मिळतंय. डाउनलोड मारलं, मोबाइलवर उघडलं. प्रस्तावना एकदम झकास दिसते. पण पहिलं समीकरण येतं आणि खेळ खल्लास होतो.

वर्ग दाखवणारा छोटा दोन वरून घसरून खाली अक्षराच्या शेजारी येऊन बसलेला असतो. वर्गमुळाच्या चिन्हाच्या जागी इंग्रजी ‘व्ही’ दिसतो. अपूर्णांकाचा अंश एका ओळीत, छेद भलत्याच ओळीत आणि मधली रेघ गायब. बारावीत ज्याने घाम फोडला होता ते संकलनाचं उभं नागमोडी चिन्ह ∫ तर कुठे ‘एफ’ झालेलं असतं, कुठे ‘जे’.

यात मोबाइलचा दोष नसतो. कथा-कादंबरी म्हणजे एकापुढे एक ठेवलेली अक्षरं. ती कुठेही तोडा, पुढच्या ओळीत ढकला, अर्थ बदलत नाही. गणित तसं नसतं. ते वर चढतं, खाली उतरतं, डोक्यावर रेघ घेतं. त्याची जागा हलली की अर्थ हलतो.

ही अडचण कॉम्प्युटरच्या जन्माआधी काहीशे वर्षं छापखान्यांना छळत होती. आणि तिचा गांभीर्याने विचार करणारा पहिला मोठा गणिती होता गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ.

आता तुम्ही म्हणाल, लायब्निझ म्हणजे तोच ना, ज्याचं न्यूटनशी कॅल्क्युलसवरून भांडण झालं होतं? हो, तोच. भांडणात तो हरला, अपमानित होऊन मेला. पण आज जगातला प्रत्येक सायन्सचा विद्यार्थी चिन्हं मात्र त्याचीच लिहितो. हे कसं झालं, त्याचीच ही गोष्ट.

लायब्निझचा जन्म १ जुलै १६४६ चा, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला. वडील तिथल्याच विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक. पोरगं सहा वर्षांचं असताना वडील गेले आणि मागे पुस्तकांनी भरलेली खोली राहिली. थोडं मोठं झाल्यावर त्या खोलीत जायची परवानगी मिळाली आणि हा गडी तिथेच रमला. लिव्हीच्या रोमन इतिहासाची एक सचित्र प्रत हाती लागली, तर चित्रं बघत बघत, खालच्या ओळींचा अर्थ लावत तो लॅटिन शिकला.

चौदाव्या वर्षी विद्यापीठात गेला. विसाव्या वर्षी कायद्याची डॉक्टरेट मागितली, तर लाइपझिगने वय कमी आहे म्हणून ताटकळत ठेवलं. हा सरळ उठला आणि न्यूरेंबर्गजवळच्या अल्टडॉर्फ विद्यापीठात गेला. तिथे डॉक्टरेट मिळाली, वर प्राध्यापकाची नोकरीही देऊ केली. ती त्याने नाकारली.

कारण १६६६ साली, म्हणजे विसाव्या वर्षीच, त्याने एक पुस्तक लिहिलं होतं आणि त्यातली कल्पना त्याला आयुष्यभर सोडणार नव्हती. भाषेतले सगळे शब्द मोजक्या मूळाक्षरांपासून बनतात. मग सगळे विचारही मोजक्या मूळ कल्पनांपासून बनत असतील, तर त्या प्रत्येक कल्पनेला एक चिन्ह का देऊ नये? तसं झालं तर दोन माणसांनी वाद घालायची गरजच नाही. कागद घ्यायचा, चिन्हं मांडायची, हिशोब करायचा आणि कोण बरोबर ते बघायचं.

हे स्वप्न पूर्ण झालं नाही, होणारही नव्हतं. पण त्यातून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. चिन्ह म्हणजे विचार झाल्यावर घाईत लिहायची खूण नव्हे, विचार ज्याने करायचा ते हत्यार आहे. हत्यार चांगलं असेल तर हात आपोआप बरोबर चालतो.

१६७२ मध्ये माइन्झच्या दरबाराच्या कामासाठी तो पॅरिसला गेला. काम राजकारणाचं होतं. फ्रान्सच्या राजाने जर्मन राज्यांवर चालून येण्याऐवजी इजिप्तवर स्वारी करावी, असं त्याला पटवायचं होतं. ती योजना कुणी ऐकूनही घेतली नाही. पण पॅरिसमध्ये त्याला ख्रिस्तियान हायगेन्स भेटला, युरोपातला त्या काळचा पहिल्या फळीतला शास्त्रज्ञ. त्याच्या हाताखाली लायब्निझने खरं गणित शिकायला सुरुवात केली. वय होतं २६. बाकीचे लोक या वयात गणितात नाव कमावून बसतात.

दोन वर्षांत त्याने एक श्रेणी शोधली. एक, वजा एकतृतीयांश, अधिक एकपंचमांश, वजा एकसप्तमांश असं करत गेलं की पायचा चौथा भाग मिळतो. पुढे ती त्याच्याच नावाने ओळखली गेली. केरळातल्या संगमग्रामच्या माधवाने ती त्याच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीच शोधली होती, पण युरोपात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मग आली २९ ऑक्टोबर १६७५ ही तारीख.

वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ कसं काढायचं या प्रश्नावर तो काम करत होता. पद्धत अशी की क्षेत्राचे असंख्य बारीक पट्टे पाडायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. इटालियन गणिती कॅव्हेलिएरीच्या वळणाने तो अशा बेरजेला ‘ऑम्नेस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सगळे’, या शब्दाचं लघुरूप लिहायचा. त्या दिवशीच्या कागदावर त्याने ठरवलं की ते लघुरूप सोडून एक अक्षर वापरावं. ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज, त्याचं पहिलं अक्षर ‘एस’. त्या काळी हा ‘एस’ लांब, उभा लिहीत. तेच ∫.

त्याच दिवशी उलट क्रियेसाठी त्याने ‘डी’ हे अक्षर घेतलं, फरक या अर्थाच्या शब्दाचं पहिलं अक्षर. आधी तो ते भागाकारासारखं खाली लिहीत होता. दोन आठवड्यांच्या आत ‘डी’ वर आला, एक्सच्या अगदी डाव्या हाताला, त्याच ओळीत. ‘डीएक्स’ तयार झाला.

इथे जरा थांबायला हवं, कारण गोष्टीची मेख इथेच आहे.

न्यूटनने हेच गणित इंग्लंडमध्ये काही वर्षं आधी शोधलं होतं, पण छापलं नव्हतं. आणि बदलाचा वेग दाखवण्यासाठी पुढे त्याने जे चिन्ह ठरवलं ते होतं अक्षराच्या डोक्यावर एक टिंब. दुसऱ्यांदा बदल काढायचा तर दोन टिंबं, तिसऱ्यांदा तीन. उलट क्रियेसाठी तो कधी अक्षरावर उभी रेघ द्यायचा, कधी पदाभोवती चौकोन काढायचा. स्वतःच्या वहीत हे भराभर लिहिता येतं. छापखान्यात काय होतं?

तेव्हाची छपाई खिळ्यांची. प्रत्येक अक्षराचा शिशाच्या मिश्रधातूचा एक खिळा. जुळारी पेटीच्या खणांतून एकेक खिळा उचलायचा आणि ओळीत उभा करायचा. एका ओळीतले खिळे सारख्या मापाचे, म्हणून ते एकमेकांना घट्ट चिकटून उभे राहत. साध्या मजकुरात सराईत जुळाऱ्याचे हात यंत्रासारखे चालत.

पण अपूर्णांक आला की ओळ फुटते. छोट्या मापाचे खिळे घ्या, वर एक पट्टी जुळवा, खाली एक जुळवा, मध्ये धातूची रेघ घाला, आजूबाजूची पोकळी कोऱ्या तुकड्यांनी भरा. कंसाऐवजी चार-पाच अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ द्यायची पद्धत तेव्हा सर्रास होती. ती रेघ मापात कापा, वरच्या ओळीला धक्का न लावता बसवा. टिंबवालं अक्षर हवं तर तसा खिळाच वेगळा ओतून घ्या. तो नसला तर अडून बसा. आणि एवढं करूनही शाई जरा कमी लागली की टिंब उडालं, जास्त लागली की एकाची दोन दिसली.

याउलट ‘डी’ हा खिळा प्रत्येक छापखान्यात ढिगाने पडलेला. लांब ‘एस’ही तसाच, कारण तेव्हाच्या लॅटिन मजकुरात तो रोजच लागायचा. लायब्निझची दोन्ही चिन्हं ओळ न फोडता उभी राहत होती. १६७५ च्या त्या दिवशी त्याच्या मनात छापखाना होता असं म्हणता येत नाही. पण नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत त्याने जे जे निवडलं, त्यात छापखाना नक्की होता.

पॅरिसमध्ये नोकरी मिळेना. १६७६ च्या शेवटी तो हॅनोव्हरला आला आणि उरलेली चाळीस वर्षं त्याच घराण्याच्या चाकरीत गेली. मालक बदलत गेले, कामं मात्र विचित्रच राहिली. हार्झ पर्वतातल्या खाणींतलं पाणी पवनचक्क्यांनी उपसायचं, हे एक. त्यात त्याची कित्येक वर्षं गेली आणि शेवटी प्रयोग फसला. ग्रंथालय सांभाळायचं. चारही क्रिया करणारं गणनयंत्र बनवायचा त्याचा स्वतःचा नाद वेगळाच. आणि १६८५ पासून मानगुटीवर बसलेलं काम म्हणजे राजघराण्याचा इतिहास लिहायचा.

या सगळ्यातून वेळ काढून त्याने १६८४ मध्ये लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरम’ या नियतकालिकात कॅल्क्युलसवरचा पहिला लेख छापला. जेमतेम सहा-सात पानांचा. ‘डी’ पहिल्यांदा जगासमोर आला तो इथे. लेख इतका आटोपशीर होता, आणि छपाईच्या चुका इतक्या होत्या, की याकोब बर्नुलीसारख्या माणसालाही ते स्पष्टीकरण न वाटता कोडं वाटलं. तरी याकोब आणि त्याचा भाऊ योहान दोघे चिकटून बसले आणि त्यांनी ते सोडवलं. १६८६ च्या दुसऱ्या लेखात ∫ छापून आला.

याच १६८४ च्या लेखात भागाकारासाठी त्याने एकावर एक दोन टिंबं वापरली. अपूर्णांक एकावर एक रचण्याऐवजी अ : ब. शाळेत गुणोत्तर लिहिताना आपण जी दोन टिंबं देतो, तीच. लायब्निझचं म्हणणं होतं की गुणोत्तर म्हणजे भागाकारच, मग दोघांना दोन चिन्हं कशाला?

गुणाकाराचं × हे चिन्ह त्याला आवडायचं नाही. इंग्लंडच्या विल्यम ऑट्रेडने ते १६३१ मध्ये छापलं होतं. पण बीजगणितात सगळीकडे एक्स हे अक्षर असतं, आणि × अगदी त्याच्यासारखं दिसतं. १६९८ मध्ये योहान बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने ही तक्रार केली आणि गुणाकारासाठी साधं एक टिंब सुचवलं. आजही वरच्या वर्गात गेल्यावर × सुटतं आणि टिंब येतं, त्यामागे हेच कारण आहे.

बरोबरच्या चिन्हाची कथा तर आणखी मजेशीर. आज वाटतं की = हे जणू आकाशातून पडलंय. ते रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये इंग्लंडमध्ये आणलं, पण युरोपच्या मुख्य भूमीवर देकार्तने स्वतःचं वेगळंच वळणदार चिन्ह चालवलं होतं. लायब्निझही तरुणपणी कागदावर चौकटीसारखं ⊓ असं चिन्ह काढायचा. छापताना मात्र त्याने स्वतःचं चिन्ह बाजूला ठेवलं आणि = घेतलं. नंतर बर्नुली बंधूही त्याच वाटेने गेले आणि देकार्तचं चिन्ह मागे पडलं. आपलं चिन्ह सोडून दुसऱ्याचं घेणं, हे त्या काळच्या गणितींमध्ये फारसं दिसत नाही.

तो चिन्हांबद्दल पत्रांमधून सतत चर्चा करायचा. योहान बर्नुलीला संकलनासाठी मोठा ‘आय’ हवा होता आणि या शाखेला ‘इंटिग्रल’ हे नाव. लायब्निझला नाव बेरजेवरून हवं होतं आणि चिन्ह स्वतःचं ∫. शेवटी समझोता झाला. चिन्ह लायब्निझचं राहिलं, नाव बर्नुलीचं. म्हणून आज आपण ‘आय’पासून सुरू होणारं नाव घेतो आणि ‘एस’ लिहितो.

चांगलं चिन्ह स्वतःहून नवे प्रश्न कसे विचारायला लावतं, याचा एक किस्सा १६९५ चा आहे. एकच क्रिया दोनदा, तीनदा केली तर ‘डी’च्या डोक्यावर दोन, तीन असा आकडा द्यायचा, अशी सोय लायब्निझने केली होती. फ्रान्सच्या लोपितालने विचारलं, तिथे अर्धा लिहिला तर? क्रिया अर्ध्यांदा करायची म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लायब्निझने प्रश्न उडवून लावला नाही, यातून पुढे कामाचं काहीतरी निघेल असं कळवलं. आज अपूर्णांकी कॅल्क्युलस ही एक अख्खी शाखा आहे. न्यूटनच्या टिंबांकडे बघून हा प्रश्न सुचणं अवघड. अर्धं टिंब कसं काढणार?

१७०८ मध्ये ‘आक्टा’ने तर नियमच जाहीर केला. यापुढे आमच्याकडे लायब्निझची चिन्हं चालतील. कारणं दोन दिली होती. एक, जुळाऱ्याचा त्रास वाचतो. दोन, अर्थाचा गोंधळ टळतो. अक्षरांच्या डोक्यावर रेघ द्यायच्याऐवजी कंस वापरायचे. वर्गमुळाच्या चिन्हापुढे लांब छप्पर ओढायचं नाही, √(अअ + बब) असं लिहायचं. भागाकार दोन टिंबांनी दाखवायचा. खास कारण असेल तर जुनी पद्धत चालेल, अशी सूटही होती, आणि लायब्निझ स्वतः उभे अपूर्णांक लिहायचाच. पण जे ओळीत मावतं ते ओळीत मांडावं, हे धोरण स्पष्ट होतं.

म्हणजे गणितासाठी छपाईचे नियम १७०८ मध्येच लिहून झाले होते.

तोवर लायब्निझचे दिवस फिरायला लागले होते. १७०० मध्ये बर्लिनमध्ये विज्ञान अकादमी उभी राहिली, तिचा तो पहिला अध्यक्ष झाला. १७०३ मध्ये शून्य आणि एक एवढ्या दोनच आकड्यांच्या पद्धतीवर त्याने लेख छापला. आजचा कॉम्प्युटर याच दोन आकड्यांवर चालतो. लग्न केलं नाही. पन्नाशीत एकदा मागणी घातली होती म्हणतात, पण बाईंनी विचाराला वेळ मागितला, आणि तेवढ्या वेळात याचाच विचार बदलला.

मग इंग्लंडमधून आरोप सुरू झाले की कॅल्क्युलस त्याने न्यूटनकडून चोरला. चिन्हं बदलली, माल तोच, असं त्या आरोपाचं स्वरूप. १७११ मध्ये लायब्निझने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. तो स्वतः तिचा सदस्य होता. पण अध्यक्ष होता न्यूटन. समिती नेमली गेली, लायब्निझची बाजू विचारलीही नाही, आणि १७१२ मध्ये निकाल न्यूटनच्या बाजूने लागला. अहवालामागचा मुख्य हात न्यूटनचाच होता, हे नंतर उघड झालं. त्या अहवालाचं निनावी परीक्षणही न्यूटननेच लिहिलं. खटला आपला, न्यायाधीश आपण, आणि निकाल किती छान लागला हे सांगणाराही आपणच.

आजचे इतिहासकार मानतात की दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. न्यूटनने आधी शोधलं, लायब्निझने आधी छापलं.

१७१४ मध्ये त्याचा मालक, हॅनोव्हरचा गेऑर्ग लुडविग, इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज झाला. दरबार लंडनला निघाला. लायब्निझलाही जायचं होतं. हुकूम आला की आधी घराण्याचा इतिहास पूर्ण कर. तीस वर्षं खपूनही तो सन १००५ पर्यंतच पोचला होता. ज्या घराण्याची त्याने हयातभर चाकरी केली, त्याचाच प्रमुख आता न्यूटनचाही राजा होता.

१४ नोव्हेंबर १७१६ ला हॅनोव्हरमध्ये त्याचं निधन झालं. वय ७०. अंत्ययात्रेला दरबारातून कुणी आलं नाही. लंडनची रॉयल सोसायटी आणि त्यानेच उभी केलेली बर्लिनची अकादमी, दोघींनीही त्याच्यासाठी दोन शब्द काढले नाहीत. पॅरिसच्या अकादमीने तेवढं केलं. थडग्यावर पन्नासहून अधिक वर्षं नावसुद्धा नव्हतं.

दरबाराने एक काम मात्र तत्परतेने केलं. त्याची खोली सील करून सगळे कागद ताब्यात घेतले. घराण्याची गुपितं बाहेर जातील अशी भीती होती. अपमान झाला, पण कागद वाचले. जवळपास दोन लाख पानं, ११०० च्या वर माणसांशी झालेला पत्रव्यवहार. २९ ऑक्टोबर १६७५ चा तो कागदही त्यातच.

इंग्लंडने भांडण जिंकलं आणि मग त्याची किंमत शंभर वर्षं मोजली. देशाभिमान म्हणून तिथले गणिती टिंबांनाच धरून राहिले. तिकडे बर्नुली बंधू, ऑयलर, लाग्रांज, लाप्लास हे सगळे ‘डी’ लिहीत पार पुढे निघून गेले. सगळा दोष टिंबांचा होता असं नाही. पण युरोपात छापलेलं नवं गणित इंग्लंडच्या विद्यार्थ्याला सहज वाचताच येईना, हे खरं.

शेवटी १८१२ मध्ये केंब्रिजच्या काही पोरांनी एक मंडळ काढलं. चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक. कार्यक्रम एकच, टिंबं हटवा, ‘डी’ आणा. बॅबेजने तर शब्दांचा खेळ केला. इंग्रजीत ‘डॉटेज’ म्हणजे म्हातारचळ, आणि डॉट म्हणजे टिंब. विद्यापीठ टिंबात अडकलंय की म्हातारचळात, असा टोमणा. १८१७ मध्ये पीकॉक परीक्षक झाला आणि त्याने थेट प्रश्नपत्रिकेतच ‘डी’ छापला. मग काय, पोरांना शिकावंच लागलं. आपल्याकडच्या कॉलेजांत कॅल्क्युलस इंग्रजी पुस्तकांतून आलं, तोपर्यंत त्या पुस्तकांत लायब्निझ जिंकलेला होता. न्यूटनचं टिंब भौतिकशास्त्रात काळानुसार होणारा बदल दाखवायला तेवढं उरलं.

आता परत त्या फुकटच्या ई-बुककडे.

१९७१ मध्ये अमेरिकेत मायकेल हार्टने ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ सुरू केलं. कॉपीराइट संपलेली पुस्तकं टाइप करायची आणि सगळ्यांना वाटायची. तेव्हाच्या कॉम्प्युटरची अक्षरांची पेटी होती ॲस्की. तिच्यात छापता येतील अशी चिन्हं फक्त ९५. जुळाऱ्याच्या पेटीहूनही ही गरीब. त्यात ∫ नाही, √ नाही, वर चढणारा आकडा नाही. कादंबऱ्यांचं भागलं, गणिताचं अडलं. मग लोकांनी काय केलं? घातांकासाठी ^ ही टोपी, वर्गमुळासाठी त्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप, अपूर्णांकासाठी तिरकी रेघ, आणि जिथे तिथे कंस. म्हणजे डोक्यावरची रेघ काढा, कंस घाला, सगळं एका ओळीत आणा. १७०८ च्या ‘आक्टा’चा नियम पुन्हा जसाच्या तसा.

दोन टिंबांची जागा तेवढी तिरक्या रेघेने घेतली, आणि तीसुद्धा एकोणिसाव्या शतकात इंग्रज गणितींनी याच हेतूने पुढे आणली होती, छापताना ओळ फुटू नये म्हणून. जर्मनीच्या शाळांत भागाकाराला अजून लायब्निझची दोन टिंबंच चालतात.

पुढे डोनाल्ड नूथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या शेवटी ‘टेक’ नावाची प्रणाली लिहायला घेतली. स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी कुरूप आली होती की त्याला राहवेना. ‘टेक’ची युक्ती अशी की माणसाने सूत्र एका ओळीत, साध्या अक्षरांत लिहायचं. वर काय चढेल, खाली काय उतरेल, रेघ किती लांब असेल, ते यंत्र ठरवेल. आज गुटेनबर्गसाठी गणिताची जुनी पुस्तकं तयार करणारे स्वयंसेवक हेच करतात. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं यंत्र ओळखतं, पण सूत्रापाशी ते आंधळं होतं, म्हणून माणूस प्रत्येक सूत्र हाताने लिहितो. जी. एच. हार्डीचं शुद्ध गणितावरचं पाठ्यपुस्तक अशाच कष्टातून फुकट वाचायला मिळतं, सुबक छापल्यासारखं.

अडचण संपलीय असं मात्र नाही. असं पुस्तक ठरावीक मापाच्या पानात बांधलेलं असतं, मोबाइलवर बोटांनी मोठं करत वाचावं लागतं. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने पडतात. सूत्र चित्र म्हणून चिकटवलं असेल तर ते तेवढंच राहतं, आणि अंध वाचकाला ऐकवणाऱ्या यंत्राला ते वाचताच येत नाही. यासाठी ‘मॅथएमएल’ नावाची लिपी आहे, २०११ पासून ई-बुकच्या ‘ईपब’ या प्रमाणित स्वरूपात तिला जागाही आहे. पण ती नीट दाखवणारी वाचनयंत्रं आजही सगळीकडे मिळत नाहीत. ∫ ला मात्र आता जागतिक अक्षरयादीत स्वतःचा वेगळा क्रमांक आहे, आणि ज्या लांब ‘एस’पासून तो निघाला त्याला दुसराच.

लायब्निझचे ते दोन लाख पानांचे कागद हॅनोव्हरच्या ग्रंथालयात आहेत. त्यातला पत्रव्यवहार २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत आहे. त्याचं संपूर्ण लेखन छापायचं असं १९०१ मध्ये ठरलं, पहिला खंड १९२३ मध्ये निघाला, मध्ये दोन महायुद्धं आणि जर्मनीची फाळणी होऊन गेली, आणि काम अजून चालू आहे. त्यातले बरेच खंड इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतात. पॅरिसच्या दिवसांतलं गणित त्यात जसं त्याने कागदावर मांडलं तसंच छापलंय. त्यामुळे जुळाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने पुढे सोडून दिलेल्या खुणा, ते ⊓ आणि त्या डोक्यावरच्या लांबच लांब रेघा, आता संपादकांना एकेक करून बसवाव्या लागतात.